टायरचं वर्ष जूनला सुरू होतं: कोकणात अ‍ॅडव्हेंचर बाइकला टिकाऊ टायर निवडताना

नवी अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतलेल्याचा वर्ष-दीड वर्षात प्रश्न येतोच: "मागचा टायर संपत आला, जास्त चालणारा कुठला घालू?" मी आधी उलट विचारतो, "कुठल्या महिन्यात घालतोयस?" समोरचा गोंधळतो. देशावर टायर किलोमीटरवर मोजतात आणि तिथे ते बरोबरही आहे. आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात तेवढ्यावर भागत नाही. फेब्रुवारीत जो टायर उरलेल्या दोन मिलिमीटर नक्षीवर पणजीला जाऊन निर्धास्त परत येतो, तोच जूनमध्ये आंबोलीच्या दुसऱ्या वळणावर मालकाला घाम फोडतो. किनाऱ्यावर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, आंबोलीत सात हजारांच्या घरात, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात.

तेव्हा या लेखापुरता टिकाऊ टायर म्हणजे जो एक अख्खा पावसाळा भरपूर नक्षीनिशी काढतो आणि मग कोरड्या दिवसांत झिजत झिजत पुढच्या मे महिन्यापर्यंत पोचतो. वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचं गणित असं बसतं. त्याहून कमी चालवणाऱ्याला दोन पावसाळे मिळतील. तीन मिळाले तर टायर चांगला होता असं म्हणण्याआधी गाडी चालवता की नुसती पुसता, हे स्वतःला विचारा.

पहिली पायरी: टायर बघण्याआधी रस्ता लिहून काढा

एक महिना फोनमध्ये नोंद ठेवा. आज किती किलोमीटर झाले आणि त्यातले किती काँक्रीटवर, किती डांबरावर, किती कच्च्यावर. मी ही नोंद केली तेव्हा हजारभर किलोमीटरांत कच्चा रस्ता चाळीससुद्धा भरला नाही, आणि तोही बहुतेक मामाच्या काजूच्या बागेत जाणारा. बाकी सगळा ६६ नंबरचा हायवे, सागरी महामार्गाचे तुकडे आणि गावागावांतले अरुंद डांबरी रस्ते. आपण अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतो लडाखच्या फोटोंवरून आणि चालवतो कणकवली ते देवगड.

हे कबूल केलं की निम्मी निवड झालीच. मोठमोठ्या बटणांचे टायर, ज्यांना आपल्याकडे सरळ 'बटण टायर' म्हणतात, ते या नोंदीत बसत नाहीत. डांबरावर ती बटणं वाकतात, गरम होतात, कडांनी झिजतात, आणि ओल्या काँक्रीटवर जमिनीला टेकणारं रबर कमी असल्यामुळे ब्रेक लावताना गाडी लांब जाते. रस्त्यासाठी बनवलेल्या टायरच्या निम्म्या अंतरात ते संपले तर नवल नाही.

"पण पुळणीवर गाडी न्यायची तर बटणं लागतात ना?" पुळणीवर गाडी नेऊच नका. बहुतेक किनाऱ्यांवर त्याला बंदी आहे, ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीला थांबायला सांगता येत नाही, आणि वेळाससारख्या ठिकाणी त्याच वाळूत कासवांची अंडी असतात. शिवाय खारं पाणी स्पोकच्या मुळाशी शिरलं की रिमची वाट लागते. टायर राहील शाबूत, चाक जाईल.

राहिला लाल मातीचा प्रश्न. कोरड्या दिवसांत जांभ्याची ती भुकटी रस्त्याच्या टायरवर बऱ्यापैकी निभते, हलक्या हाताने जा. पावसात तीच माती लोण्यासारखी होते आणि मग बटणांच्या फटीही पाच मिनिटांत भरून जातात. तिथे खरं उत्तर गाडी डांबरावर लावून चालत जाणं हेच आहे. मामाच्या बागेत जुलैत मी तेच करतो.

दुसरी पायरी: टायरच्या कुशीवर लिहिलेलं वाचा

जुना टायर काढण्याआधी त्याच्या बाजूवर कोरलेले आकडे फोटो काढून ठेवा. उदाहरणार्थ रॉयल एनफील्डच्या जुन्या, ४११ सीसीच्या हिमालयनचा मागचा टायर: १२०/९०-१७ आणि त्याच ओळीत शेवटी ६४ एस. १२० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ९० म्हणजे उंची, पण मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर. १७ हे रिमचं माप इंचांत. मध्ये आडवी रेघ असेल तर टायरच्या आतले धाग्यांचे थर तिरके असतात. त्या जागी 'आर' हे अक्षर असेल तर तो रेडियल. रेडियल वेगात थंड राहतो आणि लांब पल्ल्याला सहसा जास्त टिकतो, पण गाडी कुठल्या प्रकारावर बसवली आहे ते पुस्तिकेत बघूनच घ्या. पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा अशी सरमिसळ मनाने करू नका.

६४ हा वजनाचा आकडा, किलो नव्हेत. तक्त्याप्रमाणे ६४ म्हणजे २८० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो, ५८ म्हणजे २३६. 'एस' म्हणजे ताशी १८० पर्यंतचा वेग, 'पी' १५०, 'टी' १९०, 'एच' २१०. नवा टायर घेताना हे दोन्ही मूळच्याइतके किंवा जास्त असावेत, कमी कधीच नाहीत. गणपतीत बायको मागे, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा आणि वर नारळाचं पोतं अशी गाडी जेव्हा घाट चढते, तेव्हा मागच्या चाकावर किती येतं याचा अंदाज करा. वजनाच्या आकड्यात काटकसर केलेला टायर त्या दिवशी आतून तापतो.

मापाच्या बाबतीत नवख्यांनी प्रयोग टाळावेत. 'एक माप रुंद घाल, भारी दिसतो' हा सल्ला प्रत्येक गॅरेजमध्ये फुकट मिळतो. रुंद टायर त्याच रिमवर बसवला की त्याचा आकार फुगतो, साखळीच्या बाजूला जागा कमी पडते आणि गाडी वळणात जड होते. आरे-वारेच्या चढ-उतारांवर दहा मिनिटांत कळेल.

ट्यूब की ट्यूबलेस हा निर्णय टायर घेत नाही, रिम घेते. जुन्या हिमालयनला आणि हीरोच्या एक्सपल्सला स्पोकची ट्यूबवाली चाकं आहेत. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्ससारख्या गाडीची अलॉय चाकं ट्यूबलेस. ट्यूबलेस लिहिलेला टायर ट्यूब घालून चालतो, पण साध्या स्पोकच्या रिमवर ट्यूब न घालता हवा टिकणार नाही.

तिसरी पायरी: नक्षी

दुकानात टायर भिंतीला टेकवून चार पावलं मागे व्हा. मधल्या पट्ट्यात सलग रबर दिसतंय की तुकडे? मध्ये सलग किंवा एकमेकांना जोडलेले मोठे ठोकळे असतील तर हायवेवर टायर सावकाश झिजतो, आवाज कमी करतो आणि ब्रेकमध्ये स्थिर राहतो. खाचा मधून निघून कडेपर्यंत उघड्या जात असतील तर पाणी बाहेर पडायला वाट आहे. आपल्याला या दोन्ही गोष्टी हव्यात. नुसतं सलग रबर हे गुळगुळीतपणाच्या फार जवळ जातं.

कंपन्या आणि बाइकवाले हे टक्क्यांत सांगतात: ९०-१०, ८०-२०, ५०-५०. पहिला आकडा रस्त्यासाठी, दुसरा कच्च्यासाठी. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, हेतू सांगण्याची पद्धत आहे. कोकणात माझं मत ९०-१० ते ८०-२० च्या मध्ये. मेट्झेलर टूरान्स, ब्रिजस्टोन बॅटलॅक्स ए४१, पिरेली स्कॉर्पियन ट्रेल टू, मिशेलिन अ‍ॅनाकी अ‍ॅडव्हेंचर हे या बाजूचे. कॉन्टिनेंटलचा टीकेसी ७० मधला, टीकेसी ८० सरळ बटणांचा. देशी टायरांपैकी सिएटचा ग्रिप एक्सएल जुन्या हिमालयनला कारखान्यातूनच येत असे, एमआरएफचा मोग्रिप मीटिऑर व्ही-स्ट्रॉम एसएक्सला येतो. कारखान्याचा टायर म्हणजे दुय्यम, हा एक गोड गैरसमज आहे. आपल्या गाडीच्या मापात नवं काय मिळतं ते आधी बघा. १२०/९०-१७ सारख्या मापात निवडायला मोजकंच असतं, आणि मग परदेशी नावांची चर्चा आपोआप थांबते.

चौथी पायरी: रबर, आणि मी कसा पडलो

इथे जरा थांबतो, कारण नवखे नेमके इथेच फसतात. मीही फसलो.

टायर जास्त चालण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रबर कडक करणं. कडक रबर सावकाश झिजतं, आणि डांबराला चिकटतंही कमी. कोरड्या रस्त्यावर ही उणीव लपून जाते. ओल्यावर रबराला रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरून पकडावं लागतं, तिथे उघडी पडते. हा झगडा कमी करायला चांगल्या टायरात सिलिका मिसळतात. तिच्यामुळे ओल्या, गार रस्त्यावरही रबर लवचीक राहतं आणि झीज फारशी वाढत नाही. काही टायरांत मध्ये कडक आणि कडांना मऊ अशी दोन प्रकारची रबरं असतात. सरळ रस्त्याची झीज मधल्याने सोसायची, वळण कडेने धरायचं. आपल्या रस्त्यांना हा प्रकार फार मानवतो. माहितीपत्रकात हे दोन शब्द शोधा: सिलिका आणि दुहेरी रबर. 'वीस हजार किलोमीटर' असं नुसतंच मोठ्या अक्षरात असेल तर दुकानदाराला पावसाचं विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

मी विचारलं नव्हतं. स्वस्तात, भरपूर चालणारा म्हणून एक मागचा टायर घेतला, घाईत बसवला, आणि बरोबर मित्राचा सल्लाही घेतला: "हवा चाळीस ठेव, टायर कमी घासतो." जुलैचा दुसरा आठवडा. गावातल्या देवळाकडे उतरणारा काँक्रीटचा रस्ता, वर वडाची सावली, म्हणजे वर्षभर ऊन न लागलेला आणि मधोमध हिरवट शेवाळाचा पट्टा. वेग पंचवीसही नसेल. मागचा ब्रेक नुसता पायाने टेकवला आणि गाडीची शेपटी शांतपणे उजवीकडे निघाली, जणू तिला दुसरीकडे कुठे काम होतं. मी डाव्या कुशीवर, गाडी माझ्या पायाशी, हेडलाइट वडाच्या पारंब्यांवर. गार्ड वाकला, गुडघा सोलला, एवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी टायरवर अंगठ्याचं नख दाबलं, हलवलं, परत दाबलं.

"ह्येका नखसुद्धा लागणा नाय. टायर घातलंस की चिरो?"

"नवीन आहे काका, तीन महिन्यांपूर्वी घेतला."

त्यांनी चाक फिरवून कुशीवरच्या लंबगोलातले चार आकडे दाखवले. नवीन घेतलेला टायर बनून तीन वर्षं होऊन गेली होती. "आणि हवा किती?"

"चाळीस."

"मगे पडलंस ता बराच झाला," असं म्हणून त्यांनी आधी हवा सोडली आणि मग चहा सांगितला.

शेवाळावर जगातला कुठलाच टायर धरत नाही, हेही खरं. पण शेवाळाच्या दोन्ही बाजूंना हातभर स्वच्छ काँक्रीट होतं. मऊ, ताज्या रबराचा, योग्य हवेचा टायर तिथे पोचल्यावर परत पकडतो, माझा घसरतच राहिला. तेव्हापासून दुकानात सगळ्यांदेखत टायरला नख लावून बघतो. दुकानदार हसतात, हसू देत. नख थोडं रुतून परत वर आलं पाहिजे.

पाचवी पायरी: विकत घेताना

ते चार आकडे कसे वाचायचे? '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा, जूनची सुरुवात. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या आतला ठीक, त्याहून जुना असेल तर भाव पाडून नव्हे तर परत ठेवून या. घरपोच मागवणार असाल तर आधी आकड्यांचा फोटो मागा. तालुक्याच्या दुकानात अ‍ॅडव्हेंचर बाइकच्या मापाचा टायर रोज खपत नाही, त्यामुळे तो तिथे पडून राहिलेला असण्याची शक्यता जास्त. मी कोल्हापुराहून आणतो. करूळ नाहीतर फोंडा घाटाने वर जायचं निमित्त मिळतं, टायर तिथेच बसवून मिळतो आणि तांबडा-पांढरा रस्सा वेगळा.

किंमत बघताना भागाकार करा. समजा एक टायर ४,५०० रुपयांचा आणि ९,००० किलोमीटर चालणारा, दुसरा ७,५०० चा आणि १५,००० चालणारा. दोघांचा खर्च किलोमीटरला पन्नास पैसेच. मग ओल्यावर जो बरा तो घ्या. आणि दुसऱ्यात बसवण्याची मजुरी एकदा वाचते, ते बाजूला.

पुढचा आणि मागचा शक्यतो एकाच मालिकेतला घ्या, ते एकमेकांना धरून बनवलेले असतात. माझे मागचे दोन संपतात तेव्हा पुढचा एक संपतो. पण ज्याचा रोजचा रस्ता घाटाचा, त्याचा पुढचाही लवकर जातो, कारण उतरताना सगळं वजन आणि ब्रेक पुढच्यावर. त्याची नक्षी करवतीसारखी एका बाजूला उंच, एका बाजूला खोल झाली की हात फिरवल्यावर कळतं. मग खोली शिल्लक असली तरी गाडी गुणगुणायला लागते.

कधी घ्यायचा? मेच्या मध्यावर. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, त्याआधी नवा टायर दोनशे-तीनशे किलोमीटर कोरड्यात चालून तयार व्हायला हवा. टायरच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, कुशीवरचा 'टीडब्ल्यूआय' हा शिक्का किंवा छोटा त्रिकोण त्यांची जागा दाखवतो. नक्षी त्या उंचवट्याला टेकली की कायद्याने आणि शहाणपणाने टायर संपला. माझी स्वतःची रेघ त्याहून वर आहे. १५ मेला मधल्या खाचेत काडेपेटीची काडी उभी करून नखाने खूण करतो आणि पट्टीवर मोजतो. तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर बदलतो. काढलेल्या टायरात अजून दोन महिन्यांचा जीव असला तर पडवीत सावलीला ठेवून दिवाळीनंतर परत चढवणारे काटकसरी आमच्यात आहेत. मी एकदा केलं, पुन्हा नाही, दोनदा मजुरी द्यावी लागते. कराल तर विहिरीच्या पंपाच्या मोटरपासून लांब ठेवा, विजेच्या मोटरमधून निघणारा ओझोन रबराला भेगा पाडतो.

सहावी पायरी: बसवताना उभे राहा

चहाला जाऊ नका. कुशीवर बाण असतो, तो चाक फिरण्याच्या दिशेनेच हवा. उलटा बसवलेला टायर पाणी बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतो, आणि ही चूक मी चांगल्या दुकानात होताना पाहिली आहे. पिवळा ठिपका असेल तर तो हवेच्या तोंडाशी. कडा चढवायला साबणाचं पाणी, तेल किंवा ग्रीस नाही. ट्यूबवाली गाडी असेल तर नव्या टायरला नवी ट्यूब आणि स्पोकवरचा रबरी पट्टाही नवा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चाक उघडलंच आहे तर स्पोकच्या मुळाशी गंज बघून घ्यावा. खाऱ्या हवेत तो बाहेरून दिसायच्या आधी आतून सुरू होतो.

हवा भरल्यावर रिमच्या कडेलगतची बारीक रेघ चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत बुडाली असेल तर टायर नीट बसलेला नाही, साठच्या पुढे गाडी नाचेल. मग चाक बॅलन्स करून घ्या, साखळीचा ताण बघा, आक्सलचा नट माझ्यासमोर पान्याने कसा असं सांगा. आणि शेवटी पोऱ्या टायर चमकवायचं पॉलिश घेऊन येईल, त्याचा हात धरा. नव्या टायरवर आधीच कारखान्याचा तुळतुळीतपणा असतो.

पहिले दीडशे किलोमीटर वळणात गाडी झोपवू नका, जोरात ब्रेक नाही, पाऊस असेल तर आणखी सावकाश. याच दिवसांत जंगलजेटीवरून, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीने, जाणं टाळा. दाभोळ-धोपावे असो, जयगड-तवसाळ असो की बागमांडला-वेसवी, ओहोटीला उघडा पडलेला जेटीचा उतार शेवाळलेला असतो आणि बोटीच्या तोंडाची लोखंडी पत्र्याची फळी खाऱ्या पाण्याने आणि डिझेलच्या थेंबांनी ओली. पत्र्यावर वळायचं नाही, क्लच सोडून सरळ जायचं, दोन्ही पाय तयारीत. हे जुन्या टायरलाही लागू.

सातवी पायरी: हवा

टायर किती टिकेल हे निवडीवर थोडं आणि हवेवर फार अवलंबून आहे. कमी हवेत कूस सारखी दुमडते, तापते, कडा झिजतात, ट्यूब असेल तर तिचं तोंड फाटतं. जास्त हवेत जमिनीला टेकणारा भाग चिंचोळा होतो, मधला पट्टा खाल्ला जातो, आणि ओल्यावर काय होतं ते वर सांगितलंच. आकडा मित्राचा नको. साखळीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत एकट्याचा आणि डबल सीटचा असे दोन वेगळे आकडे असतात.

हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी मोजा. तीन तास उभी असलेली गाडी म्हणजे थंड टायर. दुपारी मेच्या उन्हात पन्नास किलोमीटर येऊन पंपावर मोजलीत तर चार-पाच अंक जास्तच दिसतील. ते सोडून देऊ नका, सकाळी टायर रिकामा भासेल. थोडक्या पैशांत कांडीसारखं गेज मिळतं, ते स्वतःचं ठेवा. प्रत्येक पंपाचा काटा वेगळं सांगतो, आपलं गेज चुकीचं असलं तरी रोज तेवढंच चुकतं.

गणपतीला मुंबईहून भरलेली गाडी घेऊन येणाऱ्यांनी निघताना डबल सीटचा आकडा भरावा आणि गावी सामान उतरवल्यावर परत कमी करावा. दुसरी गोष्ट कुणीच करत नाही.

वाटेतलं

सागरी महामार्गावर अंधार पडल्यावर पंक्चरवाला सापडेल याची खात्री नाही. ट्यूबलेस असेल तर टोचा, रबरी पट्ट्या आणि छोटा पंप एवढ्यावर भागतं. ट्यूबवाल्यांनी पुढच्या २१ इंची चाकाची एक ट्यूब, तीन लोखंडी पट्ट्या आणि आक्सलचा पाना बरोबर ठेवावा, आणि एकदा तरी घरच्या अंगणात चाक स्वतः उघडून बघावं. माझा पहिला पंक्चर मालवणच्या धक्क्याजवळ झाला. खिळा म्हणून बघितलं तर मासे पकडायचा गळ, काट्यासकट आत. ओढला तसा ट्यूबचा तुकडा घेऊन बाहेर आला. मासळीच्या धक्क्यांवर आणि तिथून निघणाऱ्या, पाणी गाळत जाणाऱ्या टेम्पोंच्या मागे अंतर ठेवा. ते पाणी तेलकट असतं.

दर पंधरा दिवसांनी चाक हाताने फिरवून खाचांत अडकलेली खडी काढा. कुशीवर बारीक भेगा, फुगवटा किंवा धागा दिसला तर नक्षी कितीही असो, टायर गेला. पाच वर्षं झालेला टायर नवा दिसत असला तरी जाणकाराला दाखवा.

आणि उतरवलेला टायर परसात टाकू नका, पहिल्या पावसात त्यात पाणी साठून डासांची शाळा भरते. धक्क्यावर घेऊन जा. होडीच्या कुशीला बांधायला टायर लागतातच. माझ्या त्या चिऱ्यासारख्या टायरलाही एका होडीवाल्याने दाबून बघितलं, मान डोलावली आणि म्हणाला, "ह्यो चार वर्षां जायत."